आमेन म्हणजे ठराव नव्हे

मला गावात सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे, आणि त्यामुळे नवख्या माणसाचा हमखास घोटाळा व्हायचा. नाव एस्तेर, कपडे पांढरे, धर्म ख्रिस्ती, त्यात सिस्टर. म्हणजे ही नक्की संसार सोडलेली जोगीण! मग माझा नवरा सायकलला दळणाचा डबा बांधून दारात आला की त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. सिस्टर मी सरकारी दवाखान्यातली. सत्तरच्या दशकातली बहुतेक सगळी वर्षं मी पालमला बाळंतपणं करण्यात घालवली. पण संपादकांनी ‘तुमच्या कामाविषयी लिहा’ म्हटल्यावर मी सांगून टाकलं, दवाखान्याचं नाही लिहिणार. ते पगाराचं काम. ज्याची मला खरी ऐट आहे ते काम बिनपगारी होतं. मी आमच्या देवळाची वॉर्डन होते, आणि तीही निवडून आलेली.

चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. वॉर्डन म्हटलं की लोकांना वसतिगृह नाहीतर तुरुंग आठवतो, म्हणून आधी समजावून सांगते. आमच्या पंथात पाळक, म्हणजे धर्मगुरू, बिशपसाहेब पाठवतात. तो आम्हाला विचारून येत नाही आणि विचारून जातही नाही. पण पंचकमिटी निवडते ती मंडळी, म्हणजे देवळाचे सगळे सभासद, हात वर करून, दर तीन वर्षांनी, उघड सभेत. त्या पंचांतला मुख्य तो वॉर्डन. वेदी, उपदेश, बाप्तिस्मा, भाकर-द्राक्षारसाचं प्रभुभोजन हे पाळकाचं. इमारत, घंटा, सतरंज्या, कब्रस्तान आणि मंडळीची यादी हे आमचं. कमिटीचा अध्यक्ष पाळकच, पण मत त्याला एकच. एका जुवाला दोन बैल, एक बिशपनी दिलेला, एक मंडळीनं दिलेला. दोघांना एकमेकांचं तोंड आवडो न आवडो, नांगर ओढायचा तर बरोबरच चालावं लागतं.

आता हे कागदावर सोपं वाटतं. मी निवडून आले त्याच वर्षी वेदीच्या बरोबर वर, कमानीच्या आतल्या अंगाला, आग्यामोहोळ बसलं. पाळक होते रेव्हरंड भालेराव, तरुण, ताठ, उपदेश असा करायचे की दवाखान्यातले रोगीसुद्धा भिंतीपलीकडून ऐकायचे. ते म्हणाले, कमान म्हणजे इमारत, इमारत पंचांची, पोळं तुम्ही काढा. आमचे दुसरे पंच दानिएल मास्तर, रिटायर हेडमास्तर, शब्दाला शब्द लावण्यात पटाईत. ते म्हणाले, पोळं वेदीच्या वर आहे, वेदी पाळकाची, म्हणून माशाही पाळकाच्या. तीन रविवार हा वाद चालला. चौथ्या रविवारी माशांनी निकाल दिला. मास्तर शास्त्रपाठ वाचायला उठले आणि त्यांच्या कानाला, नाकाला आणि टकलाला मिळून पाच डंख बसले. पंचांनी त्याच दुपारी धूर करून पोळं काढलं. मी डंखांवर चुना लावत असताना मास्तर कण्हत म्हणाले, “सिस्टर, कायद्यानं मी बरोबर व्हतो.” 

आणि ‘पंच’ या शब्दाचीही एक गंमत. एका वर्षी आम्ही एका साध्या गवंड्याला पंच निवडलं, तो त्या दिवशी सभेला नव्हता. शेजाऱ्यानं जाऊन सांगितलं, तुला पंच केलंय. झालं! गडी रातोरात, नव्हे, भर दुपारच्या एसटीनं सोनपेठला बहिणीकडं पळाला. आठ दिवसांनी सापडला तेव्हा हात जोडून म्हणतो, “म्या काईच बघितलं न्हाई सिस्टर, म्या कुन्या पंचनाम्यावर अंगठा द्यायचा न्हाई.” त्याला देवळाचे पंच वेगळे आणि पोलिसांचे पंच वेगळे हे पटवता पटवता आमची पुरेवाट झाली. पुढं तोच माणूस आमचा सगळ्यांत चोख पंच निघाला, हेही सांगायला पाहिजे.

मी सही-शिक्क्याची बाई. कारण दवाखान्यात मी एकच गोष्ट पक्की शिकले होते. डॉक्टरनं औषध लिहायचं, सिस्टरनं द्यायचं. डॉक्टर कितीही मोठा असो, नुसतं तोंडानं म्हणाला तर सुई टोचायची नाही. माझी जुनी मेट्रन म्हणायची, लिहिलं नाही ते झालं नाही. देवळातही मी हेच चालवलं. सभेची वही माझ्या ताब्यात असायची. भालेराव पाळकांना माझा हा स्वभाव म्हणजे डोळ्यांतलं कुसळ वाटायचा. एकदा म्हणाले, “सिस्टर, तुम्ही स्वर्गाच्या दाराशीसुद्धा दस्तखत मागाल.” मी म्हटलं, “यादी असंलच ना साहेब तिथं? मग कुणीतरी सही केलीच असंल.”

त्या यादीवरूनच आमचं मोठं भांडण झालं.

मंडळीच्या यादीत नाव म्हणजे सभेत मत. नाव यायला आमचा नियम असा, की माणसाचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण, म्हणजे मोठेपणी बिशपसाहेबांपुढं विश्वासाची कबुली, झालेलं असावं, आणि वर्षातून निदान तीनदा त्यानं प्रभुभोजन घेतलेलं असावं. पाळकानं आणि वॉर्डननं मिळून नावं सभेपुढं मांडायची, सभेनं हात वर करायचे, मग दोघांच्या सह्या. एकाची सही असली आणि दुसऱ्याची नसली तर त्या नावाला अर्थ नाही.

राणीसावरगावच्या वाटेवर, फाट्यावर उतरून तासभर आत चाललं की एक वाडी लागते. तिथं आमच्या लोकांची सात घरं होती, सगळी सालदारी आणि रोजमजुरी करणारी. त्यांच्या आज्या-पणज्यांचे बाप्तिस्मे गोऱ्या साहेबाच्या काळातले. मधे कितीतरी वर्षं तिकडं कुणी फिरकलंच नाही, आणि नावं यादीतून गळून पडली. भालेराव पाळक आले आणि महिन्यातला एक रविवार वाडीवर जायला लागले. बिशपसाहेबांना नेऊन त्यांनी तिथल्या मोठ्या माणसांचं दृढीकरणही करून घेतलं. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. पण गावातल्या जुन्या घरांना आवडलं नव्हतं. ही सगळी शिकलेली, नोकरीतली माणसं. त्यांचं म्हणणं, पाळक आपला, मग आपला रविवार दुसऱ्यांना काहून? आणि बोलून न दाखवलेलं म्हणणं असं, की वाडीची एकोणीस मतं आली तर पुढची कमिटी कुणाची?

वार्षिक सभा होती. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षातली गोष्ट. पाळकांनी वाडीच्या लोकांना मुद्दाम बोलावलं होतं. ते भिंतीकडंला, सतरंजी सोडून फरशीवर बसले होते. पहिलाच विषय त्यांच्या नावांचा. पाळकांनी प्रार्थनेनं सभा सुरू केली. आम्ही सगळे डोळे मिटून बसलो. पाळक म्हणाले, हे दयाळू बापा, अमुक दे, तमुक दे, आजाऱ्यांना बरं कर, आणि त्याच सुरात, श्वासही न घेता पुढं म्हणाले, “वाडीवरली तुझी ही सात घरं, एकोणीस माणसं, आज आम्ही आनंदानं आमच्या यादीत सामावून घेत आहोत, हे तू मान्य कर.”

“आमेन!” सगळं देऊळ गरजलं. वाडीची माणसं तर घसा फोडून म्हणाली. दानिएल मास्तरही म्हणाले, सवयीनं. मीही म्हटलं.

पाळकांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “पहिला विषय मंजूर झाला. दुसऱ्याकडं वळू.”

मी पेन हातात धरून उभी राहिले. “पाळकसाहेब, पहिला विषय सुरू कधी झाला?”

“सिस्टर, मंडळीनं देवासमोर आमेन म्हटलं. आमेन म्हणजे काय? तथास्तु. तसंच होवो. याच्यावर आणखी कसलं मत पाहिजे तुम्हाला?”

“तुम्ही देवाला विचारलं, साहेब. मंडळीला न्हाई विचारलं.” माझा आवाज चढला होता. “डोळे मिटून मत देतेत का कुठं? ज्यांची नावं घ्यायची तेच आमेन म्हणायलेत. आमेन म्हणजे ठराव नव्हे!”

दानिएल मास्तरांनी लगेच संधी साधली. “लिहा सिस्टर, लिहा. वाडीची नावं फेटाळली.”

“मास्तर, फेटाळायला आधी मांडावी लागतात. मांडलीच न्हाईत तर फेटाळता काय?” मी वहीत एकच ओळ लिहिली: प्रार्थनेने सभेची सुरुवात झाली. 

अशा रीतीनं एका वाक्यात मी दोघांनाही दुखावलं. पाळक दोन महिने माझ्याशी ‘सलाम’पलीकडं बोलले नाहीत. मला वाटत होतं, मी फार बरोबर केलं, आणि नियमानं बघाल तर बरोबरच केलं. पण एक गोष्ट आजही खुपते. त्या दिवशी मी सगळा वेळ वहीकडं बघत होते. भिंतीकडं बसलेल्या माणसांकडं मी एकदाही बघितलं नाही. ती उठून कधी गेली तेही मला कळलं नाही.

उन्हाळा लागला तसं एक दिवस वाडीची गयाबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आली. बैलगाडीतून, पहिलटकरीण. गयाबाई पन्नाशीची असेल, काटक, कपाळाला आठी आणि बोलणं असं की मधे शब्द घालायला फट नाही. सून मोकळी झाली, नातू झाला. मी हात धुत होते, तर ही मागं येऊन उभी.

“सिस्टर, येक इचारू? राग न्हाई ना यायचा?”

“इचार की.”

“आमचं आमेन तुमी मोजलं न्हाई म्हनं.”

मी म्हटलं, “बाई, आमेन मोजत नसतेत. हात मोजतेत.”

“आमाला काय म्हाईत? आमी तर लय जोरात म्हनलं व्हतं.” तिनं पदर खोचला. “मास्तर म्हनायलेत, यादीत न्हाईत त्यांच्यापायी येक रविवार कशाला घालवायचा. कमिटीत ठरवनार हायत. मंग पाळक यायचे बंद व्हतील. सिस्टर, माझा सासरा येशूचं नाव घेत मेला. बोलवायला मानूस गेला तर तवाच्या पंचानं वही बघितली अन् म्हनला, नाव न्हाई. कुनीच आलं न्हाई. आमीच खड्डा खांदला. प्रभूची प्रार्थना म्हनाया लागलो, तर अर्धीच. पुढचं कुनाला येतच नव्हतं. अर्ध्या प्रार्थनेवर मानूस पुरला आमी.”

मी वीस वर्षं माणसं मरताना आणि जन्मताना बघितलेली बाई. पण मला तिच्याकडं बघवेना. टॉवेलानं हात पुसत मी तशीच खिडकीकडं तोंड करून राहिले. वही बघून ‘नाव नाही’ म्हणणारा तो पंच कोण होता हे मी विचारलं नाही. माझ्यासारखाच कुणीतरी नियमाचा पक्का माणूस असणार.

संध्याकाळी सरळ पाळकांच्या घरी गेले. म्हटलं, “साहेब, येत्या वाडीच्या रविवारी मी तुमच्यासंगं येणार.”

“तपासणीला?”

“हो, तपासणीला. तुमच्या शब्दावर माझा विश्वास हाय. पण तुमचा शब्द मला सभेत मांडता येत न्हाई, कागद मांडता येतो. कुणी कितीदा प्रभुभोजन घेतलं ते तुम्ही टिपलंय ना?”

“माझ्या डायरीत आहे. ती डायरी मी दानिएल मास्तरांपुढं ठेवू? पाळकाचा शब्द पुरेसा नाही?”

“मला न्हाई पुरत. डॉक्टरचापण न्हाई पुरत,” मी म्हटलं. त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. 

एसटीत आम्ही दोन टोकांना बसलो, कारण दोघांचाही राग अजून पुरता उतरला नव्हता. फाट्यापासून पायी निघालो तेव्हा बोलणं सुरू झालं, कारण माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि त्यांनी तो तारेनं बांधून दिला. वाडीवर लिंबाच्या झाडाखाली गोणपाट अंथरलं होतं. गयाबाईच्या घरचा पाट हीच वेदी. वर धुतलेलं पांढरं धोतर. त्या उपासनेविषयी मी जास्त लिहीत नाही, कारण तो प्रांत पाळकाचा. एवढंच सांगते, की प्रभूची प्रार्थना सगळ्या वाडीनं पुरी म्हटली, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि गयाबाईनं ती म्हणताना माझ्याकडं रोखून बघितलं.

उपासना झाल्यावर पाळकांनी डायरी काढली. गयाबाई म्हणाली, “तेच्यात काय बघायलाव? हिकडं या.”

तिनं आम्हाला घरात नेलं. चारी भिंतींतल्या तीन शेणामातीनं गुळगुळीत सारवलेल्या. चौथी तेवढी जुनी, भेगाळलेली, आणि तिच्यावर चुन्याच्या रेघाच रेघा. सात घरांच्या सात रांगा. प्रत्येक माणसाला एक खूण: म्हाताऱ्या तुकारामाला चिलीम, सुनेला बांगडी, स्वतः गयाबाईला विळा. खुणेपुढं उभ्या रेघा. ज्या रविवारी ज्यानं प्रभुभोजन घेतलं त्याच्यापुढं, त्या रविवारच्या रकान्यात, एक रेघ.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“सासरा मेल्यावर म्या ठरवलं, आपलं नाव दुसऱ्याच्या वहीत नसंल तर आपली वही आपन ठिवावी. म्हंजी पुन्यांदा कुनी न्हाई म्हनलं तर भिंत दाखवता येती. दर दिवाळीला घर सारवते, ही भिंत तेवढी सोडते. शेजारनी हसत्यात मला.”

मी पिशवीतून तापाच्या तक्त्याचे कागद काढले, दवाखान्यातले कोरे तक्ते, आणि जमिनीवर बसून ती भिंत उतरवून घेतली. मग पाळकांची डायरी शेजारी ठेवून एकेक नाव ताडून बघितलं. दीड तास लागला. सगळं जुळलं, एक सोडून. एका रविवारी डायरीत तुकारामाचं नाव होतं, भिंतीवर चिलमीपुढं रेघ नव्हती.

“तुझी चूक झाली असेल,” पाळक म्हणाले.

“माझी कशानं? त्या दिशी त्यो गड्यासंगं पिऊन लिंबामागं पडला व्हता. तुमी डोळे मिटून प्रार्थना करायलाव, तुमाला काय दिसतंय? नेहमी असतो म्हनून लिवलं असंल!”

बाहेरून तुकारामाचा खोकल्यासारखा आवाज आला, “खरं हाय साहेब.” पाळक खाली बघून हसले. डोळे मिटून घेतलेल्या हिशेबाचं काय होतं हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि उघड्या डोळ्यांनी नुसती वही बघितली तर काय होतं हे मला.

आम्ही खास सभा बोलावली. पाळकांनी प्रार्थना केली, अगदी छोटी, आणि तिच्यात फक्त देवाशी बोलले. मग मी नावं मांडली. एकेक नाव, घर, खूण, किती रेघा. वाडीचे लोक बाहेर ओसरीवर बसले होते, त्यांना अजून मत नव्हतं.

दानिएल मास्तर उठले. “भिंतीवरल्या रेघा म्हणजे पुरावा? मी उद्या अंगणात रांगोळी काढून पन्नास माणसं आणीन.”

मी म्हटलं, “मास्तर, तुम्ही जन्मभर शाळेच्या हजेऱ्या तपासल्या. माझ्यावर विश्वास ठेवू नका. ही तपासा.”

तक्ते आणि डायरी त्यांच्यापुढं ठेवली. मास्तरांनी चष्मा पुसला, पेन्सिल काढली आणि बसले. सगळी मंडळी गप्प बसून एका माणसाला हजेरी तपासताना बघत होती. अर्ध्या तासानं ते एकदम ताठ झाले. “ही बघा! सापडली! डायरीत नाव हाय, भिंतीवर न्हाई. हजेरी खोटी!”

मी तोंड उघडणार, तोच पाळक उभे राहिले. मला वाटलं, आता हे पांघरूण घालणार. पण त्यांनी सगळ्या मंडळीपुढं सांगितलं, “मास्तर, चूक माझी आहे. मी न बघता नाव लिहिलं. भिंत बरोबर आहे, पाळक चुकला.”

मास्तर चष्म्यावरून त्यांच्याकडं बघत राहिले. मग डायरीकडं. मग तक्त्याकडं. शाळा सुटल्यावर पोरांच्या वह्या मिटाव्यात तसे त्यांनी ते कागद हळूच मिटले.

“मी लय खोट्या हजेऱ्या बघितल्यात,” ते म्हणाले. “खोटी हजेरी तंतोतंत जुळत असती. बसून दोघांनी मिळून लिहिलेली असती ना. हितं एक चुकलंय, म्हणजे दोघांनी वेगवेगळी ठेवली. ही हजेरी खरी हाय.” 

पाळक म्हणाले, “नावं घ्यायला जे अनुकूल आहेत त्यांनी हात वर करावेत.” पहिला हात मास्तरांचा वर गेला. त्यांच्यामागं त्यांच्या बाजूची घरं, मग बाकीचे. आणि ओसरीवर वाडीच्या लोकांनी, आशीर्वाद आहे असं समजून, दोन्ही दोन्ही हात आभाळाकडं केले. मी ओरडले, “अगं बाई! तुमी न्हाई, तुमी आत्ता न्हाई! हात खाली घ्या!” देवळात असं हसू फुटलं की पाळकांनाही ते आवरेना. हात मोजले. एकही विरोधी नव्हता. मी वहीत ठराव लिहिला, पाळकांनी सही केली, त्याच्याखाली मी केली. माझ्या आयुष्यातल्या सह्यांत हिच्याइतकी ठसठशीत दुसरी नाही.

इथं थांबले असते तर सगळं श्रेय मला मिळालं असतं. पण अनुभव खरा लिहायचा तर पुढचंही लिहायला हवं.

वॉर्डनला सलग दोनच मुदती, असा नियम. माझ्या दोन्ही संपत आल्या आणि मला काही ते पद सोडवेना. माझ्याशिवाय ही वही कोण ठेवणार? कमिटीत कुजबुज झाली, सिस्टरसाठी एक अपवाद करू. मी नको म्हणाले नाही. आता माझे चांगले मित्र झालेले भालेराव पाळक सभेच्या आधी मला चिडवायला म्हणाले, “काय सिस्टर, प्रार्थनेत घालून टाकू का तुमची तिसरी मुदत? सगळे आमेन म्हणतील.” मी हसले, पण मनात म्हटलं, घाला की.

सभेत अपवादाची सूचना आली. कुणी विरोध करीना. तेवढ्यात सतरंजीच्या मधोमध बसलेली गयाबाई उठली.

“सिस्टर, नियम काय सांगतो?”

बस. एवढंच विचारलं तिनं. मी वही उघडून नियम वाचून दाखवला, माझ्याच तोंडानं, आणि सूचना मागं घेतली. मग वॉर्डन कोण, तर वाडीवाल्यांनी गयाबाईचं नाव सुचवलं आणि अनुमोदन दिलं दानिएल मास्तरांनी. आता एक कबुली देते. मी नियमांचं पान उलटसुलट करून बघितलं, वॉर्डनला लिहिता-वाचता आलंच पाहिजे असं कुठं आहे का. तसं कुठंही नव्हतं. हात मोजले. माझाही हात वर होता, जरा उशिरा, पण होता. 

गयाबाई अक्षरं शिकेपर्यंत वही मी ठेवायची असं ठरलं. गयाबाई माझ्या खुर्चीवर येऊन बसली, दोन्ही पाय वर घेऊन. नवी यादी तिच्यापुढं ठेवली. पाळकांनी सही केली होती. त्याच्याखाली तिनं पेन मुठीत धरून, ओठ दाबून, एक छोटा विळा काढला. तोच, भिंतीवरचा. मला एकदम रडू आलं, आणि मी ते अजिबात लपवलं नाही.

पाळक म्हणाले, आपण प्रार्थना करू या. त्यांनी गयाबाईसाठी मागितलं, मग माझ्या गेल्या सहा वर्षांसाठी देवाचे आभार मानले. मी डोळे मिटले होते. सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझं आमेन सगळ्यांत मोठ्यानं निघालं असावं, कारण डोळे उघडले तर गयाबाई खुर्चीवरून माझ्याकडं वळून बघत होती.

“सिस्टर,” ती म्हणाली, “लय जोरात म्हनलाव. मोजू का?”

“मोज बाई,” मी म्हटलं. “हे मोज.”